चुकलेल्या पाळीचा इतिहास

माझी आत्या १९७४ च्या पावसाळ्यात वारली. तेव्हा मी बारा वर्षांची होते. नवऱ्याने टाकलेली म्हणून ती आमच्याकडेच राहायची आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. मरायच्या आधी दोन दिवस तिच्या पोटात एका बाजूने कळा निघत होत्या, अंगावर थोडे थोडे जात होते, आणि ती सारखी म्हणायची, ‘माझा खांदा का दुखायलाय गं?’ आजीने तिला एकच विचारले, ‘पाळी कधी आलती?’ आत्याने उत्तर दिले नाही. ‘कुणाचं?’ हा दुसरा प्रश्न आजीने विचारला नाही. पण तो घरात प्रत्येकाच्या तोंडावर होता आणि आत्याला तो ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. बैलगाडी जुंपून तालुक्याच्या गावी नेईस्तोवर तिचे अंग पांढरेफटक पडले होते. वस्तीत कोणी करणी म्हणाले, कोणी तिने काही झाडपाला घेतला असेल म्हणाले.

पुढे शिक्षिका झाल्यावर मी एका डॉक्टरबाईंना ही हकीगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असणार, नळी फुटली असणार, रक्त पोटातच साचले. साचलेले रक्त वर पडद्याला टोचते म्हणून खांदा दुखतो. वेळेवर पोट उघडले असते तर बाई वाचली असती. म्हणजे आत्या सांगत होती. तिचा खांदासुद्धा सांगत होता. ऐकणाऱ्यांना मात्र तिची चुकलेली पाळी हा आजाराचा पुरावा वाटला नाही, तो चारित्र्याचा पुरावा वाटला.

तेव्हापासून मी आपल्या इतिहासात ही चुकलेली पाळी शोधत आले आहे. ती सापडते, पण नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी खातेवहीत सापडते. कधी धर्माच्या, कधी अब्रूच्या, कधी सरकारच्या, कधी मुकादमाच्या.

पहिली खातेवही अर्थात विटाळाची. आपल्या भाषेत बाईच्या पाळीला आणि महारा-मांगाच्या स्पर्शाला एकच शब्द आहे, हा योगायोग नव्हे. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईने अभंगातून विचारले की देहच जर विटाळातून घडला आहे तर विटाळावेगळा कोण? त्या प्रश्नाचे उत्तर धर्ममार्तंडांनी आजवर दिलेले नाही. सवर्ण घरातली बाई तीन दिवस ‘बाहेर’ बसायची. जिला गावानेच कायमची बाहेर बसवली होती, तिने आणखी कुठे बाहेर बसायचे? ती त्या दिवसांतही सरपण आणायची, खुरपायची, दगड वाहायची. आमच्याही घरांत विटाळ पाळला जाई, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि विटाळाच्या या हिशेबात एक गंमत अशी की पाळी आली तर बाई अपवित्र, आणि नाही आली तर संशयित. देहाच्या दोन्ही अवस्थांत गुन्हा तिचाच.

१८५५ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुक्ता ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिते आणि त्यात आपल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात बाळंत होतात हे सांगते. मराठीत दलित स्त्रीच्या देहाविषयी दलित मुलीनेच लिहिलेले इतके जुने दुसरे लिखाण माझ्या वाचनात नाही. हा निबंध आपण जयंतीच्या भाषणात वापरतो. पण तो आरोग्याचा दस्तऐवज म्हणून वाचत नाही.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ते मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होते, कारण पुनर्विवाहाची बंदी तिथे सर्वांत कडक होती. या गृहाविषयी १८८४ च्या डिसेंबरात जोतिरावांनी जे टिपण लिहिले, त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली होती. बाकीची का गेली याचे कारण जोतिराव देतात ते असे, की गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असावीत. म्हणजे पाळी चुकल्यापासून गृहाच्या दारापर्यंत येईतो प्रत्येकीने एकटीने काय काय गिळले होते, त्याचा तो हिशेब आहे. आया कशा वाचल्या आणि त्यांच्या शरीरांचे पुढे काय झाले, कोण जाणे. जोतिरावांनी मात्र ‘कुणाचं?’ हा प्रश्न दारात विचारला नाही. आमच्या आजीपेक्षा ते शंभर वर्षे आधीचे होते, तरी पुढचे होते.

त्याच काळात सरकारने दुसरी खातेवही उघडली होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३१२ गर्भपात करवणाऱ्याला शिक्षा सांगत होते, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात धरली होती. तिचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा माफ. १ एप्रिल १९७२ रोजी १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा अंमलात येईपर्यंत हीच स्थिती होती. आत्या वारली तेव्हा कायदा बदलून दोन वर्षे झाली होती. आमच्या वस्तीपर्यंत ती बातमी आली नव्हती. आज किती वस्त्यांत आली आहे, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत विचारून पाहावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेले नाही म्हणून तिला चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. असे असूनही ‘नवऱ्याला घेऊन ये’ हे वाक्य आमच्या बायकांना ऐकावे लागतेच.

बाबासाहेबांकडे येताना मला नेहमी वाटते की या विषयावरचे त्यांचे काम आपण पुतळ्याखाली पुरून ठेवले आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटला कशावर होता? वाचकांनी लैंगिक विषयांवर विचारलेल्या शंका आणि कर्व्यांनी दिलेली उत्तरे यांवर! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि शास्त्रीय उत्तर मिळण्याचा हक्क आहे, ही भूमिका अस्पृश्यांच्या नेत्याने कोर्टात मांडली होती, ही गोष्ट लहान नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव नामंजूर झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बाबासाहेबांनी त्यांना तिथे सांगितले.

पुढे आपल्या साहित्यात काय झाले? दलित कथेत पाळी चुकते, पण ती बहुधा पाटलाच्या पोरामुळे चुकते. ते वास्तव आहे आणि ते लिहिलेच पाहिजे होते. तरीसुद्धा माझी तक्रार आहे. आमच्या लेखकांनीही चुकलेल्या पाळीला पुरावाच केले, सवर्णांच्या अत्याचाराचा पुरावा. तिच्या आतल्या बाईला काय होत होते, हे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’सारख्या लिखाणात सापडते. महारवाड्यातली कोवळी पोर अडते कशी, बाळंतीण उपाशी राहते कशी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिले. त्यातले बाळंतपण वाचताना मला एक तर्क सुचतो. बाळंतपणात फार रक्त गेले तर मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्ताविना वाळते. मग अंगावर दूध उतरत नाही, पाळी पुन्हा येत नाही, बाई थंड, मरगळलेली, फिक्की होत जाते. डॉक्टरांच्या पुस्तकात या आजाराला शीहानचे नाव आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. आमच्या वस्तीत अशा बायांना काय नाव होते? ‘बाळंतवाताची’, ‘लागीर झालेली’, आणि पुढे मूल नाही म्हणून ‘वांझ’. कितीजणी तशा गेल्या याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

भुकेचीही अशीच गोष्ट. १९७२ चा दुष्काळ मला आठवतो. माय खडी फोडायला जायची. लाल मिलो आणि सुकडी यांवर आम्ही दिवस काढले. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामावर बाया एकमेकींत हळू आवाजात बोलायच्या, चार महिने झाले आली नाही, पाच महिने झाले आली नाही. कुणी म्हणायची, ‘बरं झालं, धुणं वाचलं. पाणी कुठाय?’ त्यांना वाटायचे उन्हाने रक्त आटले. रक्त आटत नसते. शरीराला खायला कमी आणि कष्ट जास्त झाले की मेंदू अंडकोशाला निरोप पाठवणे थांबवतो. या देहात आता दुसरा जीव पोसण्याची ताकद नाही, असा तो निर्णय असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये नाझींनी अन्न अडवले, तेव्हा तिथल्या सुमारे निम्म्या बायांची पाळी अशीच बंद पडली होती, हे डॉक्टरांनी नोंदले. आमच्या खडीवरच्या बायांचे कोणी नोंदले नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर फोडलेल्या खडीचे माप होते.

सरकारला बाईच्या पोटाची आठवण नंतर वेगळ्या रीतीने झाली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत पुरुष अधिक होते. त्यावरून सरकार पडले आणि मग लक्ष्याचे ओझे हळूहळू बायांवर सरकले. बाई सरकारी दवाखान्यात गेली की तिला विचारत, मुले किती, ऑपरेशन झाले का? पाळी का आली नाही, अंगावरून का जाते, कंबर का दुखते, हे कोण विचारणार? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी ज्यांची कधी आतून तपासणी झाली होती अशा फक्त ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावागावांतल्या भिंतींवर रंगवून झाल्यानंतरचे हे आकडे आहेत.

शेवटची खातेवही मुकादमाची. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे तर तो म्हणतो, पिशवी खराब आहे, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पंचविशी-तिशीतल्या बाया त्यांत होत्या. इथे पाळी चुकत नाही, ती कायमची उचलीत जमा होते. पिशवीबरोबर अंडकोशही काढले असतील तर तिशीतच अंगाची आग होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि कोयता तर चालवायचाच असतो.

हे सगळे माझ्या शाळेतल्या मुलींना सांगायचे ठरवले तेव्हा मला कळले की इतिहास सांगून भागत नाही. त्यांच्या आयांनी मला सरळ विचारले, ‘बाई, मग पाळी चुकल्यावर करायचं काय?’ तेव्हा डॉक्टरबाईंकडून नीट समजून घेऊन मी जे सांगू लागले, तेच इथे सांगते. मी डॉक्टर नाही. पण दवाखान्याची वाट कधी धरायची, एवढे प्रत्येक शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

पाळी साधारण एकवीस ते पस्तीस दिवसांनी येते. न्हाण आल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे आणि चाळिशीनंतरची काही वर्षे ती मागेपुढे होते. आठवडाभर लांबली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर पहिली तपासणी लघवीची, आणि ती कोणताही न्याय-निवाडा न करता. आशाताईकडे ‘निश्चय’ नावाची पट्टी असते, औषधाच्या दुकानातही मिळते. दिवस नाहीत असे दिसले आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. अंगावर पाजणाऱ्या आयांनी एक लक्षात ठेवावे, की पाळी परत येण्याच्या आधीही दिवस राहू शकतात. ‘अंतरा’चे तीन महिन्यांचे इंजेक्शन घेणाऱ्या बाईची पाळी थांबली तर ते त्या औषधामुळे असते, रक्त आत साठत नाही.

नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, किंवा आधीपासूनच अनियमित असलेली सहा महिने आली नाही, तर डॉक्टरकडे जावे. मूल अंगावर नसताना दूध येणे, डोके दुखून नजर अंधूक होणे, वजन एकदम वाढणे किंवा उतरणे, हनुवटीवर केस येणे, चाळिशीच्या आत अंगाची आग होणे, यांतले काही सोबत असेल तर तीन महिनेही थांबू नये. थायरॉइड, अंडकोशाचे आजार, पिट्युटरीची गाठ, सारे तपासता येते. आणि आपल्या वस्त्यांत विसरू नये असा आजार म्हणजे क्षय. तो पिशवीलाही होतो, खोकला असेलच असे नाही, आणि पाळी बंद होणे हे कधी कधी त्याचे एकच लक्षण असते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पिशवी साफ केल्यानंतर पाळी आलीच नाही, तर तेही सांगावे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर त्याला ‘परत पाळी आली’ म्हणून हसू नये, ती कॅन्सरची खूण असू शकते, लगेच तपासावे.

थांबायचेच नाही अशी एक अवस्था आहे. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला कळ, थोडा रक्तस्राव, चक्कर, खांद्यात दुखणे. लघवीची तपासणी काही सांगो, लग्न झालेले असो की नसो, रात्र असो की दिवस, त्याच घटकेला १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असेल त्या दवाखान्यात न्यायचे. तिथे पोचल्यावर पहिले वाक्य ‘पाळी चुकली आहे’ हेच बोलायचे, कारण नातेवाईक नेमके तेवढेच गिळतात.

पंधरा वर्षे पुरी होऊन न्हाण आले नाही, किंवा तेरा होऊनही छातीची वाढ सुरू नाही, तर त्या मुलीलाही दाखवावे. माझ्या वर्गात दहावीला अशी एक मुलगी होती. महिन्याच्या महिन्याला दोन-तीन दिवस पोट धरून बसायची. तिची माय ऊसतोडीला जायची, म्हणून आजी तिला घेऊन देवऋष्याकडे गेली होती. सोयरीक जुळत आलेली, आणि ‘पोरीत खोट आहे’ ही कुजबुज सुरू झालेली. मी आजीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. पोरीची पाळी येत होती, वाटेवरचा पडदा जन्मापासून बंद असल्यामुळे रक्त आत साठत होते. छोट्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी झाली. आजी डॉक्टरबाईंना दोनदा म्हणाली, ‘लिहून द्या बाई, पोरीत खोट नाही म्हणून.’ डॉक्टरबाईंनी लिहून दिले. सोयरीक पुढे मुलीनेच मोडली आणि अकरावीला प्रवेश घेतला. तो कागद आजीने बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला होता, मी घरी गेले तेव्हा काढून दाखवला.